दळणाऱ्याचे आडनाव

गेल्या पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतली एक मुलगी जर्मनचे पाठ्यपुस्तक घेऊन माझ्याकडे आली. ती परिचारिका आहे. रुग्णालयातल्या पाळ्या सांभाळून रविवारी ठाण्याला जर्मनच्या वर्गाला जाते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेनबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्याची बातमी वाचून तिने नाव नोंदवले. मी पस्तीस वर्षांपूर्वी थोडे जर्मन शिकलो होतो, हे तिच्या आईने तिला सांगितले असावे. तेव्हा मी संध्याकाळी व्हीटीला उतरून चालत काळा घोड्याला जात असे. घरी विचारले तर "मॅक्समुल्लरला जातो" एवढेच सांगायचे. मॅक्समुल्लर हा माणूस आहे, की इमारत, की शिकवणी, याची चौकशी घरात कोणी केली नाही.

मुलीने पुस्तक उघडून विचारले, "काका, यात जो तो म्युलरच का? हेर म्युलर, फ्राऊ म्युलर. आणि म्युलर म्हणजे काय?"

"गिरणीवाला," मी म्हणालो. "जर्मनीत सगळ्यांत जास्त माणसांचे आडनाव तेच आहे."

"म्हणजे आडनावावरून कळतं, की यांची गिरणी होती?"

"शब्दावरून कळतं. पण तो अर्थ आता कोणाच्या डोक्यात येत नाही."

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग बरं आहे त्यांचं."

तिचे आडनाव बलुतेदारीतल्या एका धंद्याचे आहे. ते मी इथे लिहीत नाही. लिहिले तर वाचक पुढचे वाक्य वाचण्याआधी तिची जात वाचतील, आणि या लेखात मला जे म्हणायचे आहे ते तिच्या खर्चाने सिद्ध होईल. "बरं आहे त्यांचं" हे तिचे बोलणे मात्र मनात राहिले. त्याचा माग काढताना जे हाती लागले ते इथे मांडतो.

*

आधी शब्द. 'म्युलर'चे जुने जर्मन रूप 'मुलिनारी'. ते आले उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'मोलिनारियुस'वरून. 'मोलिना' म्हणजे गिरणी आणि 'मोलेरे' म्हणजे दळणे. याच कुळातले शब्द आपण रोज वापरतो. गिरणगावातली 'मिल' त्यातलीच, आणि दाढ काढायला गेल्यावर दंतवैद्य ज्याला 'मोलर' म्हणतो तो दातही त्यातलाच. इंग्रजांचा मिलर, फ्रेंचांचा म्युनिए, इटालियनांचा मोलिनारी, हंगेरीचा मोलनार हे सगळे एकाच पिठाचे. उत्तर जर्मनीत त्याचाच म्योलर होतो. म्हणजे जर्मनांचे हे सर्वांत जर्मन आडनाव मुळात लॅटिन आहे. रोमन लोकांची पाण्यावर चालणारी चक्की उत्तरेकडे गेली आणि तिचे नावही तिच्याबरोबर गेले.

त्याआधी तिथे दळण होत नव्हते असे नाही. हाताने फिरवायचे दगडी जाते होतेच, आणि त्याला स्वतःचा जुना शब्द होता. इंग्रजीत तो 'क्वर्न' या रूपात उरला आहे. हा शब्द ऋग्वेदातल्या 'ग्रावन्'चा, म्हणजे सोम कुटायच्या दगडाचा, सख्खा भाऊ, असे व्युत्पत्तिकार मानतात. हाताचे जाते हे युरोपातही बायकांचे आणि दासींचे काम होते. पाण्याने चाक फिरू लागले तेव्हा त्या कामावर पुरुष आला, आणि त्याच्या मागून आडनाव आले.

आता आपल्याकडे पाहू. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'त (१९१५) गावाच्या चाकोरीतले सगळे धंदे आहेत. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट. घाण्यावर तेल गाळणारा तेली आहे. दळणारा मात्र बलुतेदारांत नाही. गावाला भाकरी लागत नव्हती म्हणून नव्हे. दळण घरोघर पहाटे होत असे आणि ते बाई करत असे. छत्रपती संभाजीनगरच्या दर्ग्यातली पाणचक्की पाहायला आपण तिकीट काढून जातो, ती आपल्याकडे अपवाद म्हणूनच. जे काम घरातली बाई करते त्याला बलुते मिळत नाही, वतन मिळत नाही आणि आडनावही मिळत नाही. मिळाली ती ओवी. गी पॉइटेवां आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मला तो म्युलर या शब्दाचा मराठी अनुवाद वाटतो. तिकडे दळणाऱ्याचे नाव उरले, इकडे दळणारीचे गाणे उरले.

*

या म्युलरांपैकी एक आपल्या चांगल्या ओळखीचा. फ्रीड्रिख मॅक्स म्युलर, जन्म १८२३, गाव देसाऊ, वडील विल्हेल्म म्युलर हे कवी. तरुणपणी तो इंग्लंडात गेला आणि ऑक्सफर्डला राहिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशाने त्याने सायणभाष्यासह ऋग्वेद संपादून सहा खंडांत छापला. पहिला खंड १८४९चा, शेवटचा १८७४चा. हिंदुस्थानात त्याने एकदाही पाऊल ठेवले नाही. तरी १८९७ साली टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी गेलेल्या विनंतीअर्जावर सही करणाऱ्यांत तो होता. मराठी माणसाच्या मनात त्याचे नाव घर करून आहे ते वेदांइतकेच या सहीमुळेही.

म्युलर हे आडनाव फारच सामान्य आहे, शेकड्यांनी म्युलर आहेत, आपण त्यांत हरवून जाऊ, असे या विद्वानाला वाटले. म्हणून त्याने 'मॅक्स' हे स्वतःचे नाव आडनावाला जोडून घेतले. गर्दीतून वेगळे व्हायची त्याची धडपड तिथे एवढ्यावर भागली.

संस्कृतात आल्यावर मात्र त्याचे वेगळेच काही झाले. त्याच्या ऋग्वेदाच्या संस्कृत मुखपृष्ठावर तो 'मोक्षमूलर' आहे आणि त्यापुढे 'भट्ट' आहे. ऑक्सफर्डचे झाले आहे 'गोतीर्थ', आणि त्याची जन्मभूमी 'शर्मण्य' देश झाली आहे. ही त्याची इथल्या पंडितांशी केलेली आर्जवी थट्टा होती, आणि पंडितांनाही ती आवडली. आपणही ती कौतुकाने सांगतो. मीही वर्षानुवर्षे सांगत आलो.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी ते मुखपृष्ठ पुन्हा नजरेसमोर आणले. 'ऑक्सफर्ड'चे 'गोतीर्थ' हे सरळ भाषांतर आहे: बैल आणि उतार. मग 'म्युलर'चे भाषांतर का नाही? 'पेषक' म्हणता आले असते. इथे मात्र अर्थ बाजूला राहिला आणि फक्त आवाज घेतला गेला, तोही मोक्षापर्यंत ओढून. वर 'भट्ट' लावला. देशाच्या नावातही 'शर्मन्' आला, आणि शर्मा हे कोणाच्या नावापुढे लागते ते सांगायला नको. वेद छापणारा माणूस पीठ दळणाऱ्यांच्या आडनावाचा असून चालला नसता. त्याला आधी ब्राह्मण व्हावे लागले, मग तो वेदांचा संपादक झाला.

या मुखपृष्ठावर टीका करायची म्हणून मी हे सांगत नाही. ते सद्भावनेने केलेले आहे, आणि म्हणूनच अधिक बोलके आहे. एखाद्या परक्या माणसाचा मान करायचा तर आपल्या भाषेला त्याला जात द्यावी लागते. त्याशिवाय मान कुठे ठेवायचा हे तिला कळत नाही.

*

"बरं आहे त्यांचं" हे कितपत खरे? जर्मन आडनावांची यादी काढून बसले की आपलीच बलुतेदारी डोळ्यांपुढे येते. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी, वेबर म्हणजे विणकर, त्सिमरमान म्हणजे सुतार, ट्योप्फर म्हणजे कुंभार, शेफर म्हणजे मेंढपाळ, शूमाखर म्हणजे चांभार, शुल्त्स म्हणजे साधारण आपला पाटील. हेल्मूट श्मिट १९७४ ते १९८२ या काळात पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर होता. गेरहार्ड श्र्योडर १९९८ ते २००५ जर्मनीचा चॅन्सेलर होता, आणि श्र्योडर म्हणजे उत्तरेकडच्या बोलीत शिंपी. लोहार आणि शिंपी देशाच्या प्रमुखपदी बसले याची बातमी तिथे झाली नाही, कारण तो अर्थ कोणाला ऐकूच आला नाही. मोटारशर्यतींत सात वेळा जगज्जेता झालेला मिखाएल शूमाखर आडनावाने चांभार होता, हे वाचताना दचकतो तो मराठी वाचक. जर्मन वाचक दचकत नाही.

यावर कोणी म्हणेल, तिथे धंद्याला कमीपणा नव्हताच, म्हणून आडनावाला नाही. हे खरे नाही. मध्ययुगीन जर्मन गावात धान्य कोणत्या गिरणीत दळायचे हे जमीनदार ठरवत असे, आणि म्युलर आपली मजुरी पिठातून कापून घेत असे. मापात पाप करणारा अशी त्याची ख्याती. पुष्कळ भागांत म्युलर 'अप्रतिष्ठित' धंद्यांच्या यादीत होता. तागाचे कापड विणणारे, न्हावी, मेंढपाळ, वाजंत्री यांच्याच पंगतीला. अशा घरातल्या मुलाला दुसऱ्या कारागिरांच्या संघात उमेदवारी मिळत नसे. १५४८ साली साम्राज्याच्या नियमावलीने बजावले, की या लोकांच्या मुलांना केवळ जन्मावरून संघाबाहेर ठेवू नये. १५७७ साली तेच पुन्हा बजावावे लागले. १७३१ साली आणखी एक हुकूम काढावा लागला, आणि त्यातही मेलेली जनावरे ओढून कातडी सोलणाऱ्यांना वगळले.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते तेव्हा लोकांनी ती ऐकलेली नसते. म्हणजे म्युलर या शब्दातला कमीपणा आपोआप विरला नाही. त्याला कायदा लागला, कारखाने लागले, शहरे लागली आणि काही शतके लागली. मेलेली जनावरे ओढण्याचा उल्लेख वाचताना मला १९२७चे महाड आठवले. तिथे बाबासाहेबांनी ते काम सोडा म्हणून सांगितले होते. फरक असा, की तिकडे धर्माने विटाळाला शास्त्र पुरवले नव्हते. म्युलरचा मुलगा लांबच्या शहरात जाऊन दुसरा कोणी होऊ शकत होता, आणि त्याची नात शिंप्याच्या नातवाशी लग्न करू शकत होती. लग्ने मिसळली की आडनाव कोणत्याच एका घराण्याचा पत्ता सांगेनासे होते. आपल्याकडे वधूवर-सूचक मंडळांची पत्रके अजून आडनावानेच लावलेली असतात.

*

याच पत्त्याची धास्ती आपल्या साहित्यात आहे. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३चा. शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, राहायला खोली हवी असते, आणि जात विचारली जाते. 'चोरली' हे क्रियापद बागुलांनी किती नेमके वापरले आहे ते पाहावे. जी गोष्ट त्याची स्वतःची, जन्माने चिकटवलेली, तीच लपवल्याबद्दल तो चोर ठरतो आणि मार खातो. शंकरराव खरातांच्या आत्मकथनाचे नाव 'तराळ-अंतराळ'. तराळ ही गावकीची सांगितलेली कामगिरी. तिच्यापुढे त्यांनी आकाश जोडून दिले. दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) तर मोबदल्याचाच शब्द उचलून पुस्तकाच्या माथ्यावर ठेवला. या तिघांनी शब्दाचा अर्थ मरू दिला नाही. त्याला उलटा फिरवून समोरच्याच्या तोंडावर धरला. आडनावातला अर्थ विसरला जावा असे मी म्हणतो, तेव्हा मला या तिघांना उत्तर द्यावे लागते. ज्याच्यावर ओझे आहे त्याने ते उघड करून दाखवणे वेगळे, आणि बाकीच्यांनी ते वाचत राहणे वेगळे. पहिल्याचा हक्क लेखकाचा आहे. दुसरी सवय आपली आहे.

ही सवय ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात कमी झाली असेल अशी माझी समजूत होती. इथे जो तो कुठून ना कुठून आलेला. आगरी-कोळ्यांची जुनी गावे आता इमारतींच्या मधोमध उरली आहेत. बाकी आम्ही सगळे कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, विदर्भातून आलो, गिरगाव-परळची चाळ सोडून आलो. सकाळच्या लोकलमध्ये खांद्याला खांदा लागतो तेव्हा कोणी आडनाव विचारत नाही. विचारले जाते ते स्टेशनाबाहेर, घर भाड्याने घेताना. त्या मुलीच्या भावाने लग्नानंतर वेगळे घर शोधले तेव्हा दोन ठिकाणी फोनवर आडनाव सांगेपर्यंत घर रिकामे होते. नंतर ते "कालच गेलं". तिसऱ्या ठिकाणी त्याने फक्त नाव आणि वडिलांचे नाव सांगितले. पलीकडून प्रश्न आला, "पूर्ण नाव?" आपल्या भाषेत पूर्ण नाव म्हणजे आडनाव. तेवढे सांगितले नाही तर माणूस अपुरा राहतो.

यातून सुटायचा रस्ता म्हणजे गावावरून घेतलेले '-कर'. त्याने धंदा झाकला जातो. दुसरा रस्ता शासन राजपत्राचा. नाव बदलल्याच्या जाहिराती त्यात छापून येतात. जुने नाव एका बाजूला, नवे दुसऱ्या बाजूला. जे पुसायचे ते आधी सरकारी कागदावर कायमचे छापायचे, अशी त्याची रीत आहे. तरीही लोक ते करतात, यावरून ओझे केवढे असेल ते समजावे.

*

इथे थांबलो तर लेख सोयीचा होईल, पण खोटा होईल. ज्या जर्मनीत म्युलरचा अर्थ विरून गेला होता, त्याच जर्मनीने १९३८च्या ऑगस्टमध्ये हुकूम काढला: ज्या ज्यूंचे नाव ओळखण्याजोगे ज्यू नाही, त्याने पुढल्या जानेवारीपासून आपल्या नावाला 'इस्रायल' जोडावे, बाईने 'सारा' जोडावे. कित्येक ज्यू कुटुंबांची नावे शेजाऱ्यांच्या नावांसारखीच जर्मन झाली होती. नावावरून माणूस वाचता येईना, म्हणून सरकारने नावच वाचण्याजोगे केले. पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. आडनावाचा अर्थ विरणे ही चांगली गोष्ट आहे, पण ती कायमची नसते. कोणी सत्तेवर येऊन एका रात्रीत तो पुन्हा जागा करू शकतो. म्हणून "बरं आहे त्यांचं" यातला 'आहे' मला जपून वापरावासा वाटतो.

आणखी एक गोष्ट मी त्या मुलीला सांगितली. जर्मनीत तिचे आडनाव कोणाला वाचता येणार नाही. वॉर्डातल्या पेशंटला तो नुसता एक अवघड आवाज असेल. त्याला ती परदेशी दिसेल, आणि त्याचा त्रास झाला तर तो वेगळा होईल. पण गणपतीत किंवा दिवाळीत तिथली चार मराठी माणसे जमतील, कोणी तरी हसतमुखाने विचारेल, "तुम्ही कुठले? आडनाव काय म्हणालात?" तो प्रश्न सात हजार किलोमीटर प्रवास करून तिच्याआधीच पोहोचलेला असेल.

ती म्हणाली, "ठाऊक आहे काका. मी सांगणार आहे. मोठ्याने सांगणार आहे. त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं."

माझा लेख जिथे अडखळत होता तिथून ती एका वाक्यात पुढे गेली. आडनाव बदलणे किंवा न बदलणे हा तिचा प्रश्न आहे. ते ऐकल्यावर आपल्या डोक्यात काय उमटते, हा आपला. भाषेचे अभ्यासक शब्दाचा अर्थ हरवला की हळहळतात. मीही हळहळत आलो. मोल्सवर्थच्या कोशातला एखादा शब्द आता कोणी बोलत नाही असे दिसले की मला चुटपुट लागते. पण आडनावांच्या बाबतीत अर्थ हरवणे हीच भाषेची प्रगती आहे. व्युत्पत्ती कोशात असावी, जिभेवर असू नये. तिचे आडनाव कोणता धंदा सांगते हे तिच्या नातवंडांच्या वेळी फक्त माझ्यासारख्या शब्द उकरणाऱ्याला ठाऊक असावे, आणि त्यालाही ते कोशात पाहावे लागावे.

परीक्षेच्या आधल्या संध्याकाळी ती जिन्यात भेटली. एका हातात जर्मनची वही, दुसऱ्या हातात दळणाचा डबा. कोपऱ्यावरच्या गिरणीत डबे ओळीने लावलेले असतात आणि गिरणीवाला प्रत्येकाच्या झाकणावर खडूने लिहितो. त्याने तिच्या डब्यावर लिहिले होते: बी-३०४, गहू, बारीक. वर्षानुवर्षे आमच्या गल्लीचे दळण तो दळतो. त्याला सगळ्यांचे खोली नंबर पाठ आहेत. त्याचे आडनाव काय, हे मी कधी विचारलेले नाही, आणि आता विचारणारही नाही.